शिळ्या सूचना

वाङ्मयाचे जे प्रकार आमच्या साहित्यशास्त्रज्ञांनीं सांगितले आहेत, त्यांत सूचनापत्रकाला कोठेंहि स्थान नाहीं. काव्य, नाटक, कादंबरी व निबंध यांच्या पंक्तीला औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी किंवा शिवणयंत्राबरोबर येणारी पुस्तिका बसविली, तर रसिक मंडळी पानावरून उठून जातील हें आम्ही जाणून आहों. तथापि वाईट कादंबरी वाचून कोणाचें अडत नाहीं. चुकीची चिठ्ठी वाचून मात्र अडतें. ह्या उपेक्षित वाङ्मयाचा एक अगदीं अर्वाचीन पोटभेद गेल्या पावसाळ्यांत आमच्या नजरेस आला, आणि त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

संगणकाच्या व्यवहारांत ज्याला 'लायब्ररी' म्हणतात तें ग्रंथालय नव्हे. एकानें एकदां रचून ठेवावें आणि इतरांनीं आपापल्या कामांत जोडून घ्यावें, असें तें तयार साहित्य असतें. सुताराला बाजारांत बिजागरी तयार मिळते, त्यांतलाच हा प्रकार. मुक्तस्रोत, म्हणजे 'ओपन सोर्स', लायब्ररीचा विशेष असा कीं, तिचा मूळ मजकूर कोणासहि पाहतां, वापरतां व सुधारतां येतो आणि त्याला दमडीहि पडत नाहीं. मात्र बिजागरी कशी बसवावी हें सांगणारा कागद सोबत लागतोच. ती संगणकावर कशी चढवावी, कोणत्या आवृत्तीशीं तिचें जुळतें आणि अडल्यास कोणाला विचारावें, ह्या तीन गोष्टी तो कागद सांगतो. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल दुकानदाराला जाब विचारतां येतो. येथें दुकानदारच नसल्यामुळें कागद हाच काय तो आधार.

धाराशिव जिल्ह्यांत लोहारा तालुक्यांत तेरणा नदीच्या कांठीं माकणी नांवाचें गांव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचें धरण ह्याच गांवापाशीं आहे. आमचा एक विद्यार्थी तेथला. पावसाच्या आणि धरणांतील पाणीसाठ्याच्या नोंदी जमवून त्यांचे आलेख काढावे, असा विषय त्यानें पदवीच्या शेवटच्या वर्षासाठीं घेतला होता. त्याकरितां त्याला पायथन भाषेंतील एक लायब्ररी हवी होती. तिच्या पत्रकांत कृति एका ओळीची होती: 'पिप इन्स्टॉल' असें लिहून पुढें लायब्ररीचें नांव द्यावें, कीं काम झालें. त्यानें तसें केलें. संगणकानें साफ नकार दिला. मदतीसाठीं पत्रकांत दिलेलें ठिकाण केव्हांच बंद झालेलें होतें. इतरत्र कोणीं तरी असा तोडगा सुचविला होता कीं, आज्ञेच्या शेवटीं 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हे शब्द जोडावे. संगणक थोरल्या भावाकडून मागून आणलेला. 'व्यवस्था मोडूं दे' अशा अर्थाचे शब्द त्यावर स्वतःच्या हातानें लिहिण्याचें धैर्य मुलाला झालें नाहीं, हें आम्ही त्याचें भूषण समजतों. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, कागदावर एका ओळीचें काम आहे, आणि तें मला दोन रात्रींत होत नाहीं. हा विषय माझ्या आवाक्यांतला नसावा. दुसरा द्या."

ह्या शेवटच्या शब्दांनीं आम्हांस खरें वाईट वाटलें. संगणकाचा नकार ही क्षुल्लक गोष्ट. पण छापील शब्द आणि आपला अनुभव यांत विरोध आला असतां आमचीं मुलें अनुभवाला खोटें ठरवितात, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पुण्या-मुंबईच्या मुलाला शेजारच्या खोलींत कोणी तरी जाणता भेटतो. तो हंसून म्हणतो, 'अरे, तें पान जुनें आहे.' एवढें एक वाक्य सांगणारा ज्याच्या जवळपास नाहीं, त्याला पान जुनें कीं आपण मंद, हें कसें कळावें?

वस्तुतः पान लिहिणारानें खोटें लिहिलें नव्हतें. लिहिलें त्या दिवशीं तें अक्षरशः खरें होतें. परंतु उबुंटू, डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारांत यंत्रणेचीं स्वतःचीं कांहीं कामें पायथनवरच चालतात. वापरणारानें त्याच पायथनमध्यें हवें तें घुसडलें, तर यंत्रणेचा पाया ढिला होण्याचें भय असतें. म्हणून पायथनच्या मंडळींत 'पेप ६६८' ह्या क्रमांकाचा एक ठराव झाला, आणि २०२३ सालीं उबुंटू २३.०४ व डेबियन १२ यांनीं तो अंमलांत आणला. आतां प्रत्येक कामासाठीं 'व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट' नांवाची निराळी खोली बांधावी आणि आपलें सामान तींत ठेवावें, असा दंडक आहे. दंडक शहाणपणाचा आहे यांत शंका नाहीं. पण त्यामुळें असंख्य सूचनापत्रकांतली ती सोपी ओळ शिळी झाली. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं संपला, तेव्हांहि जुन्या पाठ्यपुस्तकांतील 'प्रिंट'च्या ओळींची हीच गति झाली. तिसऱ्या आवृत्तींत त्यांना कंस लागतात. ओळ शिळी झाली हें ओळीला मात्र कळत नाहीं.

माकणीच्या परिसराला हें दुःख निराळ्या रूपानें ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव जिल्ह्यांतलीं गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं, आणि पुढें पन्नासांहून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. नांव तेंच, ठिकाण निराळें. जुन्या जागेचा रस्ता सांगणारा मनुष्य खोटें बोलत नसतो. पण त्याच्या शब्दावर चालणारा ओसाड जोत्यांपाशीं जाऊन पोंचतो.

आमच्या वाचकांना तर हा प्रश्न मुळींच नवा वाटूं नये. पंचांग म्हणजे तरी काय? आकाशाचें सूचनापत्रकच. गणेश दैवज्ञानें १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचिला. ज्या व चाप यांच्या किचकट गणितावांचून ग्रह काढतां यावे अशी त्यांत सोय असल्यामुळें महाराष्ट्रांतले जोशी पिढ्यान् पिढ्या त्यावरून पंचांगें करीत राहिले. स्वतः गणेश दैवज्ञानें जुन्या ग्रंथांतले ग्रह आकाशाशीं ताडून पाहिले होते, आणि ज्या ग्रंथाचा जो ग्रह जुळला तो त्यांतून घेतला होता. पुढच्यांनीं त्याची रीति घेतली; ताडून पाहण्याची संवय घेतली नाहीं. तीन शतकांत गणिताचा ग्रह आणि आकाशांतला ग्रह यांत अंतर पडलें. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या नव्या गणिताचें पटवर्धनी पंचांग १८६५ पासून निघूं लागलें, तरी तें सर्वमान्य झालें नाहीं. पाठ झालेली रीति सोडण्यापेक्षां वर न पाहणें पुष्कळांना सोयीचें वाटलें असावें.

मग दुरुस्ती कां होत नाहीं? २०१७ मध्यें गिटहबनें मुक्तस्रोतांत वावरणाऱ्यांची पाहणी केली. तींत ९३ टक्के लोकांनीं अपुरीं किंवा शिळीं पत्रकें ही अडचण आपणांस आढळल्याचें सांगितलें, आणि हातभार लावणाऱ्यांपैकीं ६० टक्के म्हणाले कीं, पत्रकाच्या कामाच्या वाटेस आपण क्वचित् जातों किंवा जातच नाहीं. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. नवी लायब्ररी रचणाराचें नांव होतें. तिच्या पानावरचा आवृत्तीचा एक आंकडा बदलणाराचें होत नाहीं. शिवाय जाणत्याला तें पान वाचावें लागतच नाहीं. आपल्या घरचा जिना अंधारांतहि चढणाऱ्या यजमानाला मोडकी पायरी दिसत नाहीं. ती ठेंच लागलेल्या पाहुण्याला दिसते.

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पण तीहि असलींच पानें वाचून शहाणी झालेली आहे. वाढणारा नवा आला म्हणून शिळें अन्न ताजें होत नाहीं.

सबब आम्हीं त्या मुलाला विषय बदलून दिला नाहीं. खोली बांधण्याची रीति दाखविली, आणि काम जमल्यावर सांपडलेली वाट लिहून काढ, असें सांगितलें. त्यानें ती चार ओळींत लिहिली: उबुंटूवर खोली बांधण्याचें साहित्य आधीं वेगळें घ्यावें, मग खोली बांधावी, तींत शिरावें, आणि नंतरच 'पिप'ला हांक मारावी. खालीं मदतीचें चालू ठिकाणहि दिलें. तें मूळ पानासाठीं पाठवून दे म्हटल्यावर मात्र तो संकोचला. "त्यांचें पान मी कसें दुरुस्त करूं, सर?" आम्ही म्हणालों, "ठेंच तुला लागली आहे. पायरी कोठें मोडली हें तुझ्याहून कोण अधिक सांगणार?" कांहीं दिवसांनीं लायब्ररी सांभाळणाराचें उत्तर आलें: विंडोजवर हीच कृति चालते काय? मुलानें लोहाऱ्याच्या एका मित्राच्या संगणकावर करून पाहिली. खोलींत शिरण्याची आज्ञा तेथें निराळी निघाली. तिची पांचवी ओळ झाली. मग दुरुस्ती स्वीकारली गेली. धरणाचे आलेखहि यथाकाल निघाले, पण आम्हांस त्या पांच ओळी अधिक मोलाच्या वाटतात.

मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे सुमारें दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठींतहि मिळतात. त्यांत निवेदक प्रारंभींच सांगतो, कीं ह्या पाठासाठीं मी अमुक प्रणालीची अमुक आवृत्ति वापरीत आहें. वाक्य रुक्ष खरें. पण त्यांत मोठें सौजन्य आहे. माझें सांगणें कोठवर खरें मानावें, याची मर्यादा बोलणारा त्यांत स्वतःच आंखून देतो. प्रत्येक सूचनापत्रकाच्या तळाशीं 'अमुक दिवशीं, अमुक आवृत्तीवर पडताळून पाहिलें' एवढी ओळ असावी, आणि जो पुढें पडताळील त्यानें ती बदलावी, याहून अधिक आमचें मागणें नाहीं. मग जेथें विचारावयास कोणी नाहीं, तेथला वाचक स्वतःवर संशय घेण्यापूर्वीं तारखेवर घेईल.