लग्न कुणाशी लागलं?

१.
२००९ मध्ये, ‘आर्ची’ या कॉमिकच्या ६००व्या अंकात, आर्चीने व्हेरॉनिकाला मागणी घातली. त्याच्या दुसऱ्या मैत्रिणीच्या, बेटीच्या बाजूचे वाचक खवळले. त्यांचं चुकलं नाही. बेटी १९४१च्या पहिल्या गोष्टीपासून आहे, व्हेरॉनिका १९४२ मध्ये आली.

२.
पुढच्याच अंकांत आर्चीचं बेटीशीही लग्न लागलं. मग २०१० पासून दोन्ही संसार एकाच मासिकात शेजारी शेजारी.

३.
२०१४ मध्ये त्या मासिकात आर्ची मित्राला वाचवताना गोळी लागून मेला. दोन्ही संसारांना चालेल असा हा एकच शेवट. विधवा कोण झाली, कळत नाही.

४.
‘कँडी कँडी’, जपानी कॉमिक, १९७५ ते १९७९. लेखिका क्योको मिझुकी, चित्रं युमिको इगाराशी यांची. नाटकाच्या तालमीत वरचा दिवा निखळतो. सहनटी सुझाना कँडीच्या प्रियकराला, नट टेरीला, ढकलून वाचवते आणि स्वतःचा पाय गमावते. आता टेरीने तिला सांभाळायला हवं. कँडीलाही ते पटतं. न्यूयॉर्कच्या इस्पितळात, जिन्यावर, टेरी मागून येऊन कँडीला मिठी मारतो. निरोप पाठमोराच.

वाचकांचा राग सुझानावर. माझा त्या दिव्यावर. दोन माणसांचं त्यांच्या स्वभावामुळे फाटलं तर सोसता येतं. दिव्यामुळे फाटलं, की वाचक जन्मभर लेखिकेकडे जाब मागतो.

५.
कँडीचं पहिलं प्रेम, अँथनी, घोड्यावरून पडून आधीच गेलेला.

६.
२०१० मध्ये मिझुकींनी हीच कथा कादंबरी म्हणून नव्याने लिहिली. कँडी तिशीत आहे, इंग्लंडमध्ये नवऱ्याबरोबर सुखात आहे. नवऱ्याचं नाव नाही, नुसता ‘तो’. घर एव्हन नदीजवळ. टेरीवाले म्हणतात, एव्हन म्हणजे शेक्सपिअरच्या गावची नदी, म्हणजे आमचा नटच. अल्बर्टवाले, म्हणजे कँडीच्या पालकाच्या बाजूचे, त्याच पानांतून अल्बर्टला शोधून काढतात.

तीस वर्षांहून जास्त थांबलेल्या वाचकाला एक नाव द्यायला हवं होतं.

७.
लेखिका आणि चित्रकर्ती यांचा हक्कांचा वाद जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ मध्ये निकाल लेखिकेच्या बाजूने लागला. जुनं कॉमिक पुन्हा छापलं जात नाही. या दोघींचं फाटलं, ते वाचकांना सगळ्यांत महाग पडलं.

८.
युमी उनिता यांचं ‘उसागी ड्रॉप’, २००५ ते २०११. तीस वर्षांचा दाइकिची आजोबांच्या मयताला जातो. तिथे सहा वर्षांची रिन, आजोबांची मुलगी. नातेवाईक तिच्याकडे बघायलाही तयार नाहीत. ती अंगणातली फुलं तोडून आणते आणि शवपेटीत ठेवते. दाइकिची तिला घरी घेऊन येतो. मग पाळणाघर, ताप, ओली गादी. घरी वेळेवर पोचता यावं म्हणून तो ऑफिसात खातं बदलून घेतो. मूल वाढवण्यावर इतकं खरं काही मी कॉमिकमध्ये क्वचितच वाचलं आहे.

मग कथा दहा वर्षं पुढे उडी मारते. शेवटी रिनला कळतं की ती आजोबांची सख्खी मुलगी नव्हतीच, आणि तिचं लग्न दाइकिचीशी ठरतं.

रक्ताचं नातं नाही, हे लेखिकेचं उत्तर. पण तापात उशाशी बसलेल्या माणसाला रिनचा बाप मानायला वाचकाला रक्त कुठे लागलं होतं?

९.
२०११ची ॲनिमे मालिका रिनच्या लहानपणीच थांबते. वाचक एकमेकांना सांगतात: चौथा खंड संपला की पुस्तक मिट.

१०.
रुमिको ताकाहाशी, ‘मेझॉन इक्कोकू’, १९८० ते १९८७. क्योको तरुण विधवा. तिच्या कुत्र्याचंही नाव नवऱ्याचंच, सोइचिरो. शेवटाकडे तिच्यावर प्रेम करणारा गोदाई सोइचिरोच्या थडग्यासमोर उभा राहतो. तिच्या मनातून तुम्ही जाणार नाही, म्हणून तुमच्यासकट तिला स्वीकारतो, असं त्याला सांगतो. क्योको तिथेच आहे, ऐकते आहे. तिची अट एकच: एक दिवस का होईना, माझ्यापेक्षा जास्त जग.

सात वर्षांचे गैरसमज या पानावर फिटतात.

११.
आय याझावा यांचं ‘नाना’ २००० मध्ये सुरू झालं आणि २००९ मध्ये त्यांच्या आजारपणामुळे २१ खंडांवर थांबलं. नायिका हाचीचं प्रेम नोबूवर. गरोदर राहिल्यावर ती लग्न करते ताकुमीशी. वाचक अजून तिला बोल लावतात. वय वीस, नोकरीचा ठिकाणा नाही, मूल कुणाचं याची खात्री नाही. कुणाचंही असो, मी सांभाळतो, असं ताकुमी म्हणतो. तिने दुसरं काय करायचं होतं, ते बोल लावणाऱ्यांनी सांगावं.

१२.
नोबू की ताकुमी, हे राहू द्या. हाचीची मैत्रीण नाना तिला सोडून का गेली, एवढं मला वाचायचं आहे.