खेळांचे कपाट

शीळफाट्याच्या आमच्या घरात पटावरील खेळांसाठी एकच कपाट आहे. खेळ दर सुटीत वाढतात. कपाट काही वाढत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या मात्र सुमारे २,५०० च. वस्तूला जतन पुरते. खेळाला खेळणारे हात हवेत. म्हणून आम्ही नियम केला : वर्षभर न उघडलेला खेळ शेजारच्या मुलांना द्यावा. प्रत्येक झाकणावर आम्ही आतील सोंगट्यांची संख्याही लिहितो. कारण १६ पैकी एक हरवली, तरी सारीपाटाचा डाव अडतो.

एकदा नात माझ्या आईचा कापडी सारीपाट घेऊन आली व म्हणाली, "आजोबा, याचेही वर्ष भरले!" नियम वडीलधाऱ्यांनाही लागू असतो. त्याच संध्याकाळी आम्ही पट अंथरला. मुलांनो, आता दर रविवारी तो उलगडतो. म्हणूनच त्याची कपाटातील जागा टिकून आहे.