धाब्याचे घर

मेहकर तालुक्यातील शेतातले, आजोबांनी बांधलेले धाब्याचे घर मी तीन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करतो आहे. मागल्या उन्हाळ्यात तुळई वाकलेली दिसली, म्हणून छत उकरले. पांढऱ्या मातीचे थरावर थर निघाले. गळू नये म्हणून आजोबा दर वर्षी मृगाआधी माती चढवीत. तुळई वाकली ती त्या काळजीच्याच ओझ्याने. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच जड छपरे माणसांवर कोसळली होती. वारसा जपणे म्हणजे भर घालणे, असेच मी वर्गात शिकवीत आलो. घमेल्याघमेल्याने माती उतरवू लागलो, तेव्हा आई म्हणाली, "मामंजींचे हात आहेत रे त्यात."

सर्वांत खालचा, घर बांधतानाचा थर तेवढा ठेवला आहे. पाऊस तोंडावर आहे.