दशमी आणि पुळियोदरै

गोविंदपुरम्. विठ्ठलाची पहाटेची काकडआरती झाली. कुंभकोणमजवळच्या या गावात, बोधेंद्र सरस्वतींच्या समाधीच्या भूमीवर, तमिळ कंठांतून तुकोबांचे अभंग ऐकले आणि डोळे भरून आले. उद्या चेन्नईहून जर्मनीला, लेकाकडे.

डब्यात काय न्यायचं, हे इथेच ठरलं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या घरूनच आणल्यात. सोबत पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात. चिंच आणि तिळाच्या तेलामुळे तो दिवसभर टिकतो. शिवाय विमानातल्या कोरड्या हवेत, कमी दाबात मीठ आणि गोड जिभेला फिकं लागतं. आंबट-तिखट मात्र कळतं. लोणचं हातातल्या पिशवीत नको, 100 मिलीच्या नियमात अडकतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढून ठेवल्या. तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात त्याला मनाई आहे.

पेढ्यांनी जीव हळहळला. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. विठ्ठलाचा प्रसाद कचऱ्यात जाऊ द्यायचा नाही, म्हणून तो इथेच वाटून टाकला. दशम्याही उतरण्यापूर्वी संपवायच्या आहेत. तुम्ही निघाल तेव्हा शेजारच्या प्रवाशासाठी दोन जास्त घ्या.