पैठणचा ज्वालामुखी

सुटी जवळ आली की हल्ली घराघरांत नकाशे उघडतात. आमच्या चिरंजिवांना यंदा ज्वालामुखीचे बेट पाहायचे होते. बाली, नाहीतर थेट हवाई! आपल्या देशातला जागा ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे खरा, पण तिथे माणसांची वस्तीच नाही. तेव्हा मी म्हटले, "पैठणला चला, ज्वालामुखी दाखवतो." यावर सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, ज्वालामुखी घरातच आहे अशी माझी खात्री पटली!

पण ही थाप नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरांवर थर साचले आणि आपला दख्खन घडला. पैठणला गोदेच्या घाटावर मुलांना काळा दगड न्याहाळायला सांगा. त्यात बारीक भोके दिसली, तर ते लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आपली काळी, कसदार माती याच दगडाची लेक.

आता चार अनुभवाच्या गोष्टी. संभाजीनगरहून पैठण सुमारे ५० किलोमीटर, सकाळीच निघावे. नाथांचा वाडा आणि समाधिमंदिर ऊन चढण्यापूर्वी पाहून घ्यावे. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. कडेवर मूल असेल तर तो दिवस टाळा. वारकऱ्यांचा सोहळा पाहायचा असेल तर मात्र तोच गाठा. रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा नागघाटावर बसूनच सांगावी. पैठणी घ्या किंवा घेऊ नका, पण मागावर विणताना जरूर पाहा. पदर उलटून बघा. अस्सल हातमागाची नक्षी उलट्या बाजूनेही तितकीच नेटकी असते.

मग नाथसागर. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली. धरण १९७६ साली पुरे झाले. हिवाळ्यात इथे दूरदूरची पाखरे उतरतात. पावसाळ्यात दरवाजे उघडले असतील, तर नदीच्या पात्राजवळ जाऊ नये.

आम्ही आईलाही बरोबर नेले होते. धाकटीने विचारले, "आजी, तुझं माहेर कुठंय गं?" आईने पाण्याकडे बोट दाखवले. धरणासाठी शंभराहून अधिक गावे उठली, त्यांतले एक तिचे. "तिथं आमची विहीर होती. पलीकडं चिंच." मुले पाण्याकडे पाहतच राहिली. आजीला माहेर होते, हेच त्यांना नवे होते.

परतताना चिरंजीव म्हणाले, "आजी, तुला राग नाही येत?" आई जरा थांबून म्हणाली, "येतो की. पण आपल्या नळाला पाणी इथूनच येतं ना रे! घोट घेतला की माहेरचंच वाटतं."

शहरातल्या आमच्या नळाला जायकवाडीचेच पाणी येते, हे मला ठाऊक होते. आईच्या घोटाची गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. म्हणून शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची: सहलीला निघताना घरातल्या वडीलधाऱ्यांना गुडघ्यांचे निमित्त सांगून मागे ठेवू नका. गाडीत पुढची जागा त्यांना द्या. काही स्थळे फक्त त्यांनाच दाखवता येतात.