मधल्या वयाचं डायपर

मराठीत लहान बाळाच्या ओल्या कपड्यांसाठी केवढे शब्द आहेत. दुपटं, बाळोतं, लंगोट. ‘शू केली वाटतं सोन्यानं’ म्हणताना आपला आवाज आपोआप मऊ होतो. म्हाताऱ्या माणसांसाठी असे शब्द नाहीत, पण एक ठरलेलं वाक्य आहे: ‘आता सगळं अंथरुणातच होतंय.’ कुणी भेटायला आलं की ते ओटीवर खालच्या आवाजात बोललं जातं. या दोन्हींच्या मधल्या वयात एखाद्याचा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच्यासाठी आपल्याकडे फक्त विनोद आहेत. शाळेत ‘मुतरा’ हे नाव एकदा पडलं की दहावी झाली तरी सुटत नाही.

मी एकोणतीस वर्षांचा आहे. बाइक चालवतो, नोकरी करतो, क्रिकेटवर भांडतो. आणि गेली सात वर्षं डायपर घालतो.

आमची वाडी कोलाडपासून थोडी आत आहे. २०१८ च्या मे महिन्यात आंबे उतरवायला झाडावर चढलो होतो. हातात झेला होता. पायाखालची फांदी मोडली आणि मी कमरेवर आपटलो. कमरेचा पहिला मणका फुटला. मज्जारज्जू साधारण तिथेच संपतो आणि त्याच्या खाली नसांचा एक झुपका लोंबत असतो. दिसायला घोड्याच्या शेपटीसारखा, म्हणून डॉक्टरही लॅटिनमध्ये त्याला तेच म्हणतात, ‘कॉडा इक्वायना’. त्यातल्या काही नसा पायांकडे जातात, काही मूत्राशय आणि गुदद्वाराकडे. ऑपरेशननंतर माझ्या पायांच्या नसा बऱ्याच सावरल्या. डावं पाऊल अजून जरा घासतं, तेवढंच. दुसऱ्या नसा सावरल्या नाहीत. मूत्राशय भरलेलं मला कळत नाही, ते नीट रिकामं होत नाही, आणि खोकलो, हसलो, जड काही उचललं की गळतं.

वाडीत मात्र एकच बातमी पोचली: पोरगा चालतोय. देवाची कृपा. ज्याला व्हीलचेअर लागते त्याचं दुखणं लोकांना दिसतं तरी. मी चालत होतो, त्यामुळे मी ‘बरा’ होतो.

हे रोजचं कसं चालतं ते सांगतो, कारण विचारायचं असूनही कुणी विचारत नाही. दर चार तासांनी मी एक बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करतो. हे काम रुग्णानं स्वतः, नुसत्या स्वच्छ धुतलेल्या हातांनी केलं तरी चालतं, हे अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस या डॉक्टरांनी १९७२ साली मांडलं. त्याआधी हे निर्जंतुक वातावरणातच व्हायला हवं असं मानलं जायचं. मधल्या वेळात जे गळतं त्यासाठी डायपर. एवढंच आहे हे.

पण या ‘एवढंच’ला मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत किंवा फार तर दोनेक वर्षांत दगावायचे. गोळीची जखम भरायची, पण मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पाठीवरचे बेडसोअर त्यांचा जीव घ्यायचे. १९४४ साली लुडविग गटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. माणसांना ठरावीक वेळानं कूस बदलून देणं आणि मूत्राशय सांभाळणं यावर त्यांनी जोर दिला. माणसं जगायला लागली. मग १९४८ साली तिथेच व्हीलचेअरवरच्या रुग्णांचे खेळ झाले आणि त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. टीव्हीवर आपल्याला पदकं दिसतात. त्या पदकांच्या पायाशी कुणीतरी वेळच्या वेळी रिकामी केलेली मूत्राशयं आहेत, हे दिसत नाही.

माझ्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘लपवण्यासाठी पाणी कमी प्यायचं नाही. लोक लाजेपायी पाणी तोडतात, मग संसर्ग, मग मुतखडे, आणि शेवटी किडनी घेऊन येतात.’ हे वाक्य मी मोबाइलचा अलार्म लावून पाळलंय.

२०१९ मध्ये मला कुंडलिकेवरच्या एका राफ्टिंग कॅम्पवर काम मिळालं. बुकिंग, हिशेब, लाइफ जॅकेट मोजून देणं-घेणं. ज्यांनी इथे राफ्टिंग केलंय त्यांना माहीत असेल, कुंडलिका आपल्या मर्जीनं वाहत नाही. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, तिथे वीज तयार होते आणि मग ते पाणी नदीत सुटतं. म्हणून राफ्टिंग सकाळी. पाणी आलं की शंभर माणसांची धावपळ, पाणी ओसरलं की नदीत दगड. आमच्या गाइडना मी पुढे एकदा म्हणालो होतो, ‘तुमची नदी आणि मी, दोघं टाइमटेबलवर.’ पण तो विनोद सुचायला आणि बोलून दाखवायला मध्ये बरीच वर्षं गेली.

सुरुवातीला सगळ्यात अवघड होतं ते मेडिकलमध्ये जाणं. कोलाड नाक्यावर सगळे ओळखीचे, म्हणून मी लांबच्या दुकानात जायचो. पहिल्याच दिवशी दुकानदारानं साइझ विचारली आणि सहज म्हणाला, ‘कुणासाठी, आजीसाठी?’ मी म्हणालो, ‘हो.’ माझी आजी मी सातवीत असतानाच गेली होती. त्या दुकानात मात्र ती पुढे वर्षभर अंथरुणाला खिळून होती. ‘आजी कशी आहेत?’ ‘तशाच.’ ‘सून करते का?’ ‘करते.’ मग मी ऑनलाइन मागवायला लागलो. सहा महिन्यांनी नळ्यांसाठी त्याच दुकानात गेलो, तेव्हा तो काउंटरच्या बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘सुटल्या बिचाऱ्या.’ मी मान हलवली. दुसरं काय करणार?

ही वस्तू घेताना लपवता येते, टाकताना मात्र लपत नाही. डायपरच्या आत जी पावडर असते ती स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. वापरलेलं डायपर म्हणजे वजनदार गोळा. तो जळत नाही, नुसता धुमसतो. पुरला तर प्लॅस्टिक तसंच राहतं. घनकचरा नियमांत वापरलेली डायपरं ‘सॅनिटरी कचरा’ धरली आहेत, ती नीट गुंडाळून द्यायची. पण द्यायला दारात गाडी तर यायला हवी. एका सकाळी कुत्र्यांनी आमची पिशवी फाडून रस्त्यावर ओढली. आई झाडू घेऊन धावली आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘कुणाच्या बाळाचं आणून टाकलंय बघा!’ समोर पडलेल्या त्या वस्तूचा आकार बघता ते बाळ पैलवान असावं. आई आत आली आणि चुलीजवळ बसून रडली. मग रडता रडता तिला हसू फुटलं. मलाही.

आईनं आधी जुन्या लुगड्यांच्या घड्या वापरून बघितल्या होत्या. उन्हाळ्यात ते जमलं. पण इथल्या पावसात, जून ते सप्टेंबर, साधा टॉवेल वाळत नाही. ओलसर कापड मांडीला घासून कातडी सोलवटते, आणि मला तिथे नीट संवेदना नसल्यामुळे जखम झालेली कळतसुद्धा नाही. म्हणून मला डायपर लागतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. रायगडकरांना तारीख सांगावी लागत नाही. झाडं आडवी, पत्रे उडालेले, विजेचे खांब वाकलेले. लॉकडाऊन होताच. कॅम्प बंद, कुरिअर बंद. माझ्याकडे सात डायपर उरली होती. दिवसाला तीन लागतात. मदतीचे टेम्पो यायला लागले. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, बिस्किटं, आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅडसुद्धा. कुणीतरी विचार करून ते पाठवलं होतं, याचं मला बरं वाटलं आणि हेवाही वाटला. कॅम्पवरचा एक गाइड मुलगा यादी करत घरोघर फिरत होता. आमच्या ओटीवर येऊन त्यानं विचारलं, ‘आणखी काय पाहिजे?’ आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘डायपर. मोठ्या माणसाचं. लार्ज.’

‘कुणाला?’

‘मला.’

त्यानं लिहून घेतलं. तांदळाच्या खाली, मेणबत्त्यांच्या वर. ‘किती?’ म्हणाला. बास, एवढंच. दोन दिवसांनी तो पनवेलच्या बाजूनं दोन पाकिटं घेऊन आला आणि वर म्हणाला, ‘लार्ज संपलेलं, एक्सएल आणलंय, चालेल ना?’ दोन वर्षं मी ज्या क्षणाची भीती बाळगून होतो, तो साइझच्या चौकशीत संपून गेला.

अर्थात वाडीत कळलं. हसलेही काही जण. एकदोघांनी नाव ठेवलं, ते मागून ऐकू आलं. पण आणखी एक गोष्ट झाली, जी मला अपेक्षित नव्हती. आठवडाभरानं माझी आत्या आली. दुपारची, आई शेतावर गेल्यावर. इकडचं-तिकडचं बोलली आणि मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘तुझं ते काय असतं, ते मला दाव जरा.’

आत्याला चार बाळंतपणं झाली, सगळी घरात. शेवटच्यानंतर तिचं ‘अंग बाहेर येतं’. शिंकली की लुगडं ओलं. गेली बारा-तेरा वर्षं ती एसटीत बसली नव्हती. भाच्यांच्या लग्नांना ‘गुडघे दुखतात’ म्हणून आली नव्हती. आम्ही सगळे तिच्या गुडघ्यांना तेल सुचवायचो. मी तिला पाकीट दिलं आणि हेही सांगितलं की तुझं माझ्यासारखं नाही, तुझ्यावर उपाय आहेत. खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम असतात, आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन असतं. तालुक्याला सरकारी डॉक्टरणीकडे तिला मीच बाइकवर मागे बसवून नेलं. रिंग बसली. आता प्रवासाला निघताना ती एक पॅड लावते आणि जाते. गेल्या वर्षी पालीच्या गणपतीला जाऊन आली. तिच्या तोंडून मला आणखी तीन बायकांची नावं कळली, ज्यांचे ‘गुडघे दुखतात’.

आपल्याला वाटतं, लाज त्या वस्तूची आहे. तसं असतं तर अंतराळवीरांनाही लाज वाटायला हवी होती. १९६१ मध्ये अ‍ॅलन शेपर्ड उड्डाणाची वाट बघत यानात तासन्‌तास अडकले आणि अखेर त्यांना सूटमध्येच लघवी करावी लागली. आज स्पेसवॉकला जाणारे अंतराळवीर सूटच्या आत डायपरच घालतात. त्यांना कुणी ‘मुतरा’ म्हणत नाही, कारण त्यांचं काम आपल्याला आधी दिसतं आणि कपडा नंतर. जपानमध्ये म्हाताऱ्यांची संख्या इतकी वाढलीय की ओजी या कंपनीनं २०२४ मध्ये तिथे बाळांची डायपरं बनवणं थांबवून मोठ्यांच्या डायपरवर लक्ष द्यायचं जाहीर केलं. म्हणजे वस्तू बदलत नाही, ती घालणाऱ्याकडे बघायची नजर बदलते. लाज त्या नजरेत असते.

आणि या लाजेची किंमत पैशातही मोजता येते. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ च्या जुलैमध्ये गेला, कारण मुली बोलल्या, लिहिलं, भांडल्या. मोठ्यांच्या डायपरवर तेव्हा १२ टक्के होता आणि तो पुढे सात वर्षं तसाच राहिला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो ५ टक्क्यांवर आला. माझा महिन्याचा खर्च साधारण तीन हजार, म्हणजे पगाराचा चांगला मोठा घास. तरी यासाठी कुठे मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. मोर्चात जायचं तर आधी म्हणावं लागतं, ‘हे मला लागतं.’

आता लग्नाचं. स्थळं येतात. आईचं म्हणणं होतं, ‘आधी जमू दे, मग सांग.’ मी म्हटलं, नाही. ज्या मुलीला माझ्याबरोबर एका खोलीत राहायचंय तिला आधी कळायला हवं. पहिल्या मुलीनं ऐकलं आणि तिच्या मामानं दुसऱ्या दिवशी फोनवर ‘पत्रिका जुळत नाही’ सांगितलं. दुसऱ्या वेळी तेवढंही नाही. तिसरी रोह्याची, धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये काम करणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रात्री किती वेळा उठावं लागतं? संसर्ग किती वेळा झाला? मूल होऊ शकतं का, डॉक्टरांना विचारलंय?’ मी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. विचारलंय, सोपं नाही, पण उपचार आहेत. शेवटी तीही नाही म्हणाली, पण स्वतः फोन करून, कारण सांगून. तिला पुण्याला बदली घ्यायची होती आणि मला इथून हलायचं नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला नकार, ज्याला माझ्या शरीराशी काही देणंघेणं नव्हतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

लग्न अजून ठरलेलं नाही. पहिल्या दोन वेळा मी ‘एक सांगायचंय’ म्हणालो की आई आतून मुद्दाम भांडी वाजवायची, म्हणजे माझा आवाज बुडेल. तिसऱ्या वेळी भांडी वाजली नाहीत. ती चहा घेऊन बाहेर आली, आमच्याजवळच बसली, आणि एका प्रश्नाला मी अडखळलो तेव्हा उत्तर तिनं दिलं.