हिवाळ्यात मोटार झाकावी की हाकावी?

दर्पण कॉलनी हे आमच्या वस्तीचे नाव बाहेरगावच्या पाहुण्यांना फार काव्यमय वाटते. इथे पूर्वी आरशांचा कारखाना होता काय, असे एका पाहुण्यांनी आम्हांस गंभीरपणे विचारलेही होते. ग्वाल्हेरात थाटीपूरच्या अंगाला, मुरारच्या वाटेवर ही नोकरदार व सेवानिवृत्त मंडळींची वस्ती आहे. आमचे मूळ घर लष्करातले. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगणे नको. त्या लष्करातल्या गल्ल्या घोड्यांच्या आणि पालख्यांच्या मापाच्या. मोटार उभी करायला तिथे जागा नाही. वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला, आणि आम्ही दोघे भाऊ शेजारशेजारच्या गल्ल्यांत इथे येऊन राहिलो. दादांच्या घराला मोटारीपुरते छप्पर होते. घर निवडताना त्यांनी आधी तेच पाहिले, असे वहिनी अजूनही सांगतात.

इथला हिवाळा ज्यांनी अनुभवलेला नाही त्यांना तो सांगून कळणे कठीण. पुण्याचे आप्त येतात ते एक पातळ स्वेटर घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी आमची रजई मागतात. डिसेंबरच्या अखेरीस मावठ्याचा एखादा शिडकावा झाला, वारा पडला आणि रात्री आभाळ निवळले की पहाटे जमिनीलगत धुके धरते. समोरच्या घराचे फाटक दिसेनासे होते. दूधवाला दिसण्याआधी त्याच्या सायकलीवरच्या किटल्यांचा आवाज येतो. कोपऱ्यावर चौकीदार अलाव पेटवतो, त्याभोवती अनोळखी माणसेही हात शेकत उभी राहतात. शाळांच्या वेळा पुढे ढकलल्या जातात, आणि मुख्याध्यापक असूनही त्या हुकुमाची वाट आम्ही मुलांइतक्याच आतुरतेने पाहतो, हे कबूल करावयास हरकत नाही. अकराच्या सुमारास ऊन वर आले की सारी कॉलनी गच्चीवर जाते. तिथे भुईमुगाच्या शेंगा, मुरैन्याची गजक आणि संत्री यांचा फडशा पडतो.

अशा हिवाळ्यात यंदा एका मोटारीने आमची झोप उडवली.

ती दादांची. नाव सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्स या आपल्याच देशातल्या कंपनीने १९९८ च्या सुमारास ही लहानशी दोन आसनांची, वरून उघडी करता येणारी मोटार काढली होती. अंग फायबरचे, इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचे, साठ अश्वशक्तीचे. अशा गाड्या थोड्याच निघाल्या, त्यामुळे रस्त्यावर दुसरी दिसणे विरळा. दादांनी ती सेवानिवृत्तीनंतर जुनी विकत घेतली. त्या दिवशी वहिनींनी अबोला धरला होता. ज्या मोटारीत घरची चार माणसे बसत नाहीत ती मोटार कसली, हा त्यांचा प्रश्न होता आणि आमच्या मते तो रास्तच होता. दादांनी उत्तर दिले नाही. फक्त दुसऱ्या आसनावर एक उशी आणून ठेवली. आठ दिवसांनी वहिनी त्या उशीवर बसल्या.

गेल्या श्रावणात दादा गेले. मोटार छपराखाली, मेणकापडाखाली तशीच उभी राहिली.

पुतण्या टोरांटोला असतो. नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "काका, थंडी पडायच्या आत गाडी नीट बांधून ठेवा. बॅटरी काढा, चाकांत हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक लावू नका, टाकी भरून ठेवा. एप्रिलमध्ये मी येतो, मग काय ते ठरवू." मुलाचा स्वर कामकाजाचा होता, पण "काय ते ठरवू" म्हणताना तो किंचित अडखळला. विकायची की ठेवायची, हे त्याच्या मनातले आम्हांला समजले.

त्याचे सांगणे त्याच्या गावापुरते अगदी बरोबर होते. तिकडे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. ते मीठ चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागते आणि दोन-चार हिवाळ्यांत लोखंड खाऊन टाकते. त्यातून अशा गाड्यांना उन्हाळी रबराची चाके असतात. पारा सात अंशांच्या खाली उतरला की ते रबर ताठरते आणि रस्ता नीट धरीत नाही. म्हणून तिकडचे शौकीन दिवाळीच्या सुमारास आपली गाडी गुंडाळून ठेवतात ती वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत बाहेर काढीत नाहीत. पण थाटीपूरच्या रस्त्यावर मीठ कुठले? इथे धूळ आहे, गाई आहेत, लग्नसराईत वराती आहेत. मीठ नाही.

तरीही आम्ही निम्मे ऐकले आणि निम्मे आपल्या बुद्धीने केले, आणि चूक तिथेच झाली. बॅटरी काढण्याऐवजी रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करीत असू. यात आपण गाडीची मोठी सेवा करतो आहोत असा आमचा समज होता. दादांचा जुना मिस्त्री एकदा सहज डोकावला आणि हसून म्हणाला, "मास्साब, पाच मिनट में गाडी नहाती है, सूखती नहीं।"

त्याने समजावले ते असे. पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर वाफही होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पाच मिनिटांत ते धुराच्या नळीत आणि तेलात साचते आणि आतून गंज धरतो. सेल्फ मारताना बॅटरीतून जे जाते तेही एवढ्या वेळात भरून येत नाही. शिवाय हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून जुन्या गाडीच्या टाकीत ते महिनोन्‌महिने ठेवणे बरे नाही. झाकायची तर पुरती झाकावी. चालवायची तर निदान अर्धा तास चालवावी. मराठीत एम. ए. झालेल्या आमच्या डोक्यात हे रसायनशास्त्र शिरायला वेळ लागला, पण शिरल्यावर रोजची सेवा बंद केली. बॉनेट उघडले तेव्हा आत खारीने सुतळी आणि कापसाचे एक बिऱ्हाडही थाटलेले आढळले. दोन तारांची आवरणे कुरतडली होती.

म्हणजे झाकून ठेवलेली वस्तू सुरक्षित असतेच असे नाही. मग आम्ही वर्षाचा हिशेब मांडला. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीच्या घरात, तेव्हा उघड्या मोटारीत बसणे म्हणजे तव्यावर बसणे. जुलै ते सप्टेंबर पाऊस. उरला तो कार्तिक ते फाल्गुन. तिकडच्या माणसाला हिवाळा म्हणजे गाडी मिटण्याचा काळ, आणि आम्हांला तोच काय तो उघडण्याचा. "हिचा ऋतू एकच," असे दादा म्हणत, त्याचा अर्थ आम्हांला आत्ता कळला.

इथे थोडे विषयांतर करतो, ग्वाल्हेरच्या माणसाला ते केल्यावाचून राहवत नाही. १९०८ साली रोल्स-रॉइसची एक मोटार मुंबईहून कोल्हापूरपर्यंत आणि परत अशी चाचणीसाठी हाकली गेली. सह्याद्रीचे सहा घाट, एकंदर ६२० मैलांची वाट, आणि गाडीने कुठे कुरकुर केली नाही. 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती, असे तिचे नाव. ही मोटार पुढे विकत घेतली ती ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी. त्यांचा यंत्रांचा शौक जगजाहीर होता. जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी जयविलासात आजही पाहुण्यांना दाखवतात. आम्हांला या कथेत आवडते ते हे, की त्या मोटारीची किंमत तिच्या चकाकीने ठरली नाही, घाट चढून दाखवल्यावर ठरली. दादांना ही गोष्ट पाठ होती आणि ती सांगताना ते कोल्हापूरचे घाट स्वतः चढून आल्यासारखे हात हलवीत.

एवढे सगळे मनाशी ठरवून डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही मोटार बाहेर काढली. ही दुसरी चूक. गोले का मंदिरापर्यंत रस्ता दिसत होता. भिंड रोडला लागलो आणि पुढचे काही दिसेना. आम्ही मोठे दिवे लावले, तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. धुक्यात प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो, तिथे दिवे खालीच ठेवावे लागतात, हे पुस्तकात वाचलेले ऐनवेळी आठवले नाही. दिवे उतरवतो न उतरवतो तोच उसाने भरलेली ट्रॉली समोर आली. मागे दिवा नाही, लाल काच नाही, काही नाही. ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा उसाची टोके बॉनेटवर टेकली होती. त्याहून भीती वाटली ती मागून येणाऱ्या ट्रकच्या आवाजाची. ही मोटार इतकी बुटकी, की ट्रकवाल्याला ती धुक्यात दिसावी कशी? ट्रक बाजूने गेला. आम्ही कडेला गाडी घेऊन स्वस्थ बसून राहिलो. हात थरथरत होते आणि त्याला थंडी हे कारण नव्हते.

घरी आल्यावर आम्ही वहिनींना म्हणालो, "मुलाचेच खरे. उद्या बॅटरी काढतो, लाकडी ठोकळे लावतो, एप्रिलपर्यंत विषय बंद."

वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणे न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही रोज सकाळी ती पाच मिनिटे चालू करत होतात ना, तेव्हा मी आतून ऐकत असे. वाटायचे, हे निघाले फिरायला." मग म्हणाल्या, "यंत्राला वाईट असेल तर नका करू."

आम्ही काही बोललो नाही. त्या रात्री टोरांटोला फोन केला आणि ट्रॉलीची हकीकत न लपवता सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग पुतण्या म्हणाला, "आई बसते का गाडीत?" नाही, असे सांगितले. "मग बसवा. पण धुक्यात नको, काका. शपथ घ्या."

शपथ घेतली. आता आमचे नियम ठरलेले आहेत. समोरच्या गच्चीवरून किल्ल्याची कडा स्वच्छ दिसू लागल्याखेरीज किल्ली हातात घ्यायची नाही, आणि साडेतीनच्या आत परत. आठवड्यातून एकदा, वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पुरते तापेपर्यंत. एरवी बॅटरीची एक तार सुटी, हँडब्रेक सैल, चाकाला ठोकळा, आणि खारीसाठी डांबरगोळ्या. टाकीत पेट्रोल बेताचे, दर आठवड्याला नवे. नोंदणीचे नूतनीकरण येत्या वर्षी आहे, ते काय ते पुतण्या आल्यावर.

संक्रांतीला दुपारी बारा वाजता निघालो. मुरारच्या सूर्यमंदिराला जायचे ठरले. बिर्लांनी १९८८ साली बांधलेले हे कोणार्कच्या धर्तीचे लाल दगडाचे मंदिर आमच्या घरापासून फार लांब नाही, म्हणून आधी महाराजपुऱ्यापर्यंत जाऊन मग तिकडे वळलो. छप्पर उघडे होते. वहिनींनी कानांना मफलर गुंडाळला होता, मांडीवर तिळगुळाचा डबा, आणि खाली तीच जुनी उशी. रस्त्याकडेच्या पोरांनी मोटार पाहून हात हलवले, तेव्हा वहिनींनी डब्यातून चार लाडू काढून त्यांना दिले. त्यासाठी आम्हांला गाडी तीनदा थांबवावी लागली.

परतताना त्या म्हणाल्या, "हे इतके सावकाश चालवत नसत."

आम्ही गती थोडी वाढवली.